मुख्य दालनात एक ट्रेसर

जबलपूरच्या कलादालनात चित्रं लावायला दोन जागा होत्या: मुख्य दालन आणि व्हरांडा. दालनात तरटाने मढवलेले फलक होते आणि प्रत्येक फलकावर दोन दिवे. व्हरांड्यात भिंतीला खिळे होते आणि भिंतीपलीकडे सायकल स्टँड. वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन्हीकडची प्रदर्शनं एकाच यादीत छापत. फरक शेवटच्या रकान्यात असे. तिथे 'समकालीन' लिहिलेलं असेल तर दालन, 'लोक एवं शिल्प' असेल तर व्हरांडा. शहरात चित्रं पाहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं आणि त्यावर कोणी काही बोलत नसे.

राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं. आमचे वडील त्याआधीच विदर्भातून येऊन इथल्या एका संरक्षण कारखान्यात लागले होते, त्यामुळे आम्हीही इकडे राहिलो. कलादालन नव्या राज्याचं. राइट टाउनमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत ते भरे. अनुदान भोपाळहून येई आणि निम्मी प्रदर्शनंही लाकडी खोक्यांत बंद होऊन तिथूनच येत. उरलेली निम्मी ठरवायला स्थानिक समिती होती. ती दर एप्रिलमध्ये बसे, अर्ज पाहत असे आणि वर्षाची यादी करत असे.

मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. शहरातल्या कार्यक्रमांचं सदर माझ्याकडे होतं. प्रत्येक प्रदर्शनाला तीन ओळी मिळत: काय, कुठे, किती ते किती. पाहिल्याशिवाय त्या तीन ओळी लिहायच्या नाहीत असा माझा नियम होता, म्हणून बहुतेक सगळी प्रदर्शनं मी पाहिली. एका हंगामात छापाचित्रं लागली, इतकी बारीक की चौकीदाराने येणाऱ्यांना द्यायला एक भिंग आणून ठेवलं. त्यानंतर एका तरुणाने ट्रान्झिस्टरची तीस रिकामी खोकी छताला टांगली. चौकीदार रोज सकाळी एकेकाचं बटण फिरवून पाही. "कोई तो बोलेगा," म्हणे. मग धरणाखाली गेलेल्या गावांचे फोटो आले. भेडाघाटला संगमरवर कोरणाऱ्या तिघांचं काम आलं, ते व्हरांड्यात. सदर बाजार या छावणीच्या भागातल्या फौजी कुटुंबांतल्या बायकांची जलरंगातली फुलं, तीही व्हरांड्यात. मंडल्याकडच्या दोन गोंड जावांची चित्रं आली. ती परदेशात जाऊन आलेली होती, पण जबलपुरात त्यांना सायकल स्टँडची भिंत मिळाली. चित्राखालच्या चिठ्ठीवर त्यांच्या नावाआधी जमातीचं नाव होतं. दालनातल्या चित्रकारांच्या चिठ्ठीवर नावापुढे पदवी असे.

ही चिठ्ठ्यांची गोष्ट मला ताईने दाखवली. मी इतकी वर्षं त्या चिठ्ठ्या उतरवून घेत होतो आणि मला ती दिसली नव्हती.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. वडिलांच्याच कारखान्यात ती ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. ते काम असं: ड्राफ्ट्समन यंत्राच्या भागाचा नकाशा पेन्सिलीने कागदावर काढतो. ट्रेसर त्या कागदावर पारदर्शक फिल्म ताणून बसवते आणि प्रत्येक रेघ शाईने पुन्हा ओढते. फिल्मवरून प्रती निघतात, आणि त्या प्रती पाहून टर्नर लोखंड कापतो. ट्रेसरने आपलं डोकं चालवायचं नसतं. मूळ कागदावर चूक दिसली तरी ती जशीच्या तशी उतरवायची, आणि वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवायची. ताईने अशा पुष्कळ चिठ्ठ्या ठेवल्या. त्यातल्या किती वाचल्या गेल्या ते तिलाही माहीत नव्हतं.

प्रत्येक शीटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असे. चौकटीत चार रकाने: काढले, ट्रेस केले, तपासले, मंजूर. दुसरा रकाना ताईचा. तिथे ती आपली दोन आद्याक्षरं लिही. पंचवीस वर्षं लिहिली.

मग कारखान्यात संगणक आले आणि ट्रेसरच्या जागा बंद झाल्या. ताईला नोंदणी विभागात बसवलं, जुन्या शीटांना नंबर घालायला. त्याच वर्षी तिने सदर बाजारातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून फिल्मची गुंडाळी विकत आणली. शहराच्या गढा भागातल्या आमच्या घरी शिवणाच्या मशीनवर फळी टाकून ती सुट्टीच्या दिवशी नकाशे काढायला लागली. कारखान्यातल्या कुठल्याच वस्तूला तिने हात लावला नाही. झारा काढला. कुकर काढला. सांडशी, वातीचा स्टोव्ह, ऑटोचं सायलेन्सर, गल्लीतला हातपंप, जमिनीखालच्या पाइपासकट. प्रत्येक वस्तू समोरून, बाजूने, वरून आणि मधोमध कापलेली. झारा हाताने ठोकलेला असल्यामुळे त्याचं एक भोक दुसऱ्यासारखं नव्हतं. तिने प्रत्येक भोकाचा व्यास मोजून लिहिला. कुकरच्या तळाला पोचा होता, तोही मापासकट. पाहुण्यांना वाटे की वेळ जावा म्हणून काहीतरी करते. माझाही समज काही दिवस तोच होता.

एकोणीस शीटा झाल्यावर मी म्हटलं, "ताई, प्रदर्शन कर. व्हरांडा सहज मिळते."

"व्हरांडा कोणाले पाहिजे?" ती म्हणाली. "मी हॉलसाठी काढून राहिली."

"हॉल समकालीनवाल्यांचा आहे."

"मग मी काय मेलेली आहो काय?"

तिला एवढंच पाहिजे होतं: ते दालन, ते फलक, ते दिवे. वर्षानुवर्षं माझ्याबरोबर येऊन तिने तिथे दुसऱ्यांचं काम बघितलं होतं. ती एकेका चित्रासमोर शीट तपासावी तशी उभी राही. चौकीदार तिला कला महाविद्यालयातली मॅडम समजत होता आणि तिने त्याचा गैरसमज दूर केला नव्हता.

एप्रिलच्या सुरुवातीला तिने अर्ज केला आणि सोबत एकोणीस शीटा दिल्या. दहा दिवसांनी शीटा परत आल्या. सोबतच्या पत्रात दोन ओळी होत्या: 'प्रस्तुत कार्य अनुकृति है. समकालीन कला के अंतर्गत विचारणीय नहीं.'

"अनुकृति म्हणजे?"

"नक्कल."

"कशाची नक्कल? झाऱ्याची?"

मी एक शीट उलगडली. उत्तर खालच्या कोपऱ्यात होतं. ताईने आपल्या नकाशांनाही कारखान्यासारखी चौकट आखली होती, चार रकान्यांची. पहिला कोरा. तिसरा कोरा. चौथा कोरा. दुसऱ्यात, ट्रेस केले याच्या खाली, तिची आद्याक्षरं. एकोणीसच्या एकोणीस शीटांवर तसंच. तो कोपरा वाचणाऱ्याला वाटणारच की नकाशे दुसऱ्या कोणाचे आहेत आणि या बाईंनी ते गिरवलेले आहेत.

"ताई, हे काढलं कोणी?"

"मी. तुझ्यासमोर तं काढलं."

"मग पहिल्या रकान्यात नाव काहून नाही?"

"तो ड्राफ्ट्समनचा असते."

"इथे ड्राफ्ट्समन कुठं आहे?"

एकेक करून तिने सगळ्या शीटा उलगडल्या आणि सगळ्यांचा कोपरा पाहिला. "हात गेलाच नाही रे तिकडे," ती म्हणाली.

मी सुचवलं की अजून वेळ आहे. फिल्मवरची शाई ब्लेडने खरवडता येते. आद्याक्षरं काढ, पहिल्या रकान्यात नाव घाल आणि पुन्हा पाठव. तिला राग आला.

"बाहेर गेलेली शीट खरवडत नाहीत. बदल करायचा तं फेरबदलाच्या तक्त्यात लिहून करा लागते. तारीख, कारण, सही. हे काही तुमचं पेपर नाही, सकाळी एक छापलं आन् दुपारी म्हटलं का असं नव्हतंच."

"आम्ही शुद्धिपत्र छापतो."

"हो न. मुंगीएवढ्या अक्षरात, तेलाच्या जाहिरातीखाली."

तिने समितीला पत्र लिहिलं: मला प्रत्यक्ष येऊन बोलायचं आहे. समितीने बोलावलं. मी शीटांची नळी धरायला बरोबर गेलो आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. वही खिशातच ठेवली, कारण घरच्या माणसाविषयी लिहायचं नाही असाही माझा नियम होता.

टेबलापलीकडे तिघे होते. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य होते, शहरातल्या एका जुन्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी आमच्या घरच्यापेक्षा वेगळी, पुस्तकासारखी. दुसरे कला महाविद्यालयात शिकवणारे एक चित्रकार. तिसरे संस्कृती खात्याचे अधिकारी. बाजूला कलादालनाच्या प्रभारी मॅडम कार्यवाही लिहायला बसल्या होत्या. टेबलावर चहा होता.

"या ताई, बसा," अध्यक्ष म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. तुमचा हात फार सुरेख आहे. आणि आपल्या माणसाचं कौतुक आपल्याला नसेल का?"

ताई बसली नाही. "सर, कार्यवाही हिंदी में लिखी जाती है न?"

"हो, हिंदीतच."

"तो मैं भी हिंदी में ही बोलूँगी. लिखने वाले को आसानी होगी."

प्रभारी मॅडमनी मान खाली घातली. मला वाटतं त्या हसत होत्या.

अधिकाऱ्यांनी नळीतून एक शीट ओढून उजेडाकडे धरली. कुकरची होती, मधोमध कापलेल्या कुकरची. त्यांचा चेहरा बदलला. "ये तो डिफेंस की चीज़ है. आप फैक्ट्री में हैं न? ये बाहर कैसे आई? सीक्रेट होगी."

"जी, बहुत सीक्रेट है," ताई म्हणाली. "इसमें दाल पकती है."

चित्रकार मोठ्याने हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी शीट उलटी करून पाहिली. "ये ऊपर क्या है?"

"सीटी."

"और ये?"

"रबर. घिस गई है, इसलिए बगल से भाप निकलती है. वो भी दिखाया है."

मग अध्यक्षांनी त्यांचा प्रस्ताव सांगितला. तो त्यांनी मनापासून दिला असावा. मार्चमधल्या महिला सप्ताहात व्हरांड्यातली जागा, आठ शीटा. "आणि तो खालचा कोपरा आपण माउंटच्या पुठ्ठ्याखाली झाकू. म्हणजे कोणाचा गैरसमज नको." अधिकाऱ्यांनी भर घातली की चिठ्ठीवर समाजाचं नाव दिलं तर चांगलं, आजकल लोग पसंद करते हैं.

"डिग्री वालों का समाज लिखते हैं आप?" ताईने विचारलं.

"उनका तो... उनकी डिग्री होती है."

"उनका भी लिख दीजिए. फिर मेरा भी लिखिए."

अधिकाऱ्यांनी चहा घेतला. चित्रकार आतापर्यंत खोलीत सगळ्यात कमी बोलले होते. त्यांनी झाऱ्याची शीट पुढे ओढली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "दीदी, आप ही बताइए. यहाँ आपने खुद लिखा है, ट्रेस किया. बाकी सब खाली. हम क्या समझें?"

प्रश्न रास्त होता. ताईनेही तो तसाच घेतला. "आपने सही पढ़ा," ती म्हणाली. "गलती मेरी है."

तिने पिशवीतून शाईची बाटली, लेटरिंगचं पेन आणि एक छोटा गुण्या काढला. शीट टेबलावर पसरली. ती पुरी बसेना, म्हणून तिने अधिकाऱ्यांना सांगितलं, "भैया, कप उठाइए." त्यांनी कप उचलला. बाकीच्या दोघांनीही आपापले कप उचलले.

शीटच्या वरच्या कोपऱ्यात फेरबदलाचा तक्ता होता, कोरा. तिने तिथे क्रमांक आणि तारीख घातली. कारणाच्या रकान्यात मराठीत लिहिलं: चार जणांचं काम एकीनं केलं. मग खालच्या चौकटीकडे आली. काढले: आपलं पूर्ण नाव. दुसऱ्या रकान्याला हात लावला नाही, तो बरोबरच होता. तपासले: नाव. बाहेर स्टँडवर कोणाची तरी सायकल पडली आणि तिच्याबरोबर आणखी दोन-तीन पडल्या.

पेन चौथ्या रकान्यावर आलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ताई, तिथे मंजूर आहे. मंजुरी समिती देते."

ताईने पेन उचललं नाही. "हॉल समिति देती है सर. शीट मैं मंजूर करती हूँ."

तिने नाव लिहिलं. शाई ओली होती, त्यामुळे तिघांनाही कप हातातच धरून बसावं लागलं.

"अठारह और हैं," ती म्हणाली. "यहीं बैठकर कर दूँ, या घर से करके लाऊँ?"

"घर से," अधिकारी घाईने म्हणाले.

समितीत पुढे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी कोणाला विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. आठवड्याने पत्र आलं. भोपाळच्या एका चित्रकाराने मेमधलं प्रदर्शन रद्द केलं होतं. ते सात दिवस ताईला मिळाले, मुख्य दालनात. यादीला जोडलेल्या पुरवणीत तिच्या नावापुढे 'समकालीन' होतं. मे महिन्यात जबलपुरात दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही. दालनात एकच कूलर होता आणि तो पाण्यापेक्षा आवाज जास्त करी. देणाऱ्यांना हे माहीत होतं. ताईलाही माहीत होतं.

"रिकामा हॉल देऊन राहिले," मी म्हटलं.

"हॉल तं देऊन राहिले," ती म्हणाली.

उद्घाटनाला कोणाला बोलवायचं हे विचारायला प्रभारी मॅडम स्वतः आल्या. रिवाजाप्रमाणे प्रमुख पाहुणे समई पेटवत, हार घालत आणि वीस मिनिटं बोलत. मॅडमनी दोन नावं सुचवली. ताईने दोन्ही नाकारली. मग दार कोण उघडणार, त्यांनी विचारलं. "चौकीदार भैया खोलेंगे, रोज़ की तरह," ताई म्हणाली. समई त्या आठवड्यात कपाटातच राहिली. अकरा वाजता चौकीदाराने कुलूप काढलं, दिवे लावले आणि प्रदर्शन सुरू झालं.

घरच्यांविषयीचा नियम मोडून माझ्या सदरात मी तीन ओळी दिल्या, इतरांना देत होतो तशाच. एका सहकाऱ्याला मोठा लेख करायचा होता आणि त्याने आधीच मथळा ठरवला होता, त्यात रसोई हा शब्द होता. ताईने त्याला सांगितलं की रसोई लिहायची असेल तर कारखानाही लिहा, नाहीतर दोन्ही लिहू नका. त्याने लेख केलाच नाही.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत चार माणसं आली. त्यातले दोघे कूलरसाठी आले होते. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर कारखान्यातले लोक यायला लागले. टर्नर, फिटर, निवृत्त झालेले मिस्त्री, त्यांच्या बायका. त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या इमारतीत आधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण शीट समोर आली की त्यांना कोणी काही समजावून सांगावं लागत नव्हतं. ते वाचत होते. दालनात चित्रांसमोर लोक मागे सरकून उभे राहतात हे मी पाहिलेलं होतं. हे लोक पुढे सरकत होते.

एका म्हाताऱ्या टर्नरने खिशातून पोलादी पट्टी काढली आणि सांडशीच्या नकाशावर धरली. चौकीदार धावला. "छूना मना है!"

"छू कौन रहा है? नाप रहा हूँ."

मोजून झाल्यावर त्याने ताईला बोलावलं. "बेटी, तेरा रिवेट डेढ़ मिलीमीटर बाहर है."

"सांडशी ही टेढ़ी है चाचा. जैसी है वैसी नापी."

तो पुन्हा वाकला आणि बराच वेळ वाकलेला राहिला. "हाँ," तो म्हणाला, "फिर ठीक है. बन जाएगी." मग चौकटीतली नावं वाचून त्याने तिच्याकडे पाहिलं. "मंजूर भी तूने ही किया?"

"और कौन करता?"

"हमारे टाइम में तीन साहब लगते थे," तो म्हणाला आणि पुढच्या शीटकडे गेला.

गढ्यातल्या आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात ताईने कोणाला आमंत्रण दिलं नव्हतं, तरी रविवारी तिथल्या बायका दोन ऑटो भरून आल्या. हातपंपासमोर त्या थांबल्या. जमिनीखालचा पाइप बघून एक म्हणाली, "अवो, हा तं आपलाच पंप! एवढा खोल आहे काय तो? मी समजे वरच्यावरच पाणी असन." दुसरी म्हणाली, "म्हणून तं माहे खांदे दुखून राहिले." तिसरीने दिव्यांची चौकशी केली. फलक किती, दिवे किती, हे सगळं ताईसाठी लावलं काय. ताई म्हणाली, हो, सगळं माझ्यासाठी लावलं. हे सांगताना ती जितकी सरळ उभी होती तितकी मी तिला आधी पाहिली नव्हती.

कला महाविद्यालयातले चित्रकार तीन दिवस आले. तिसऱ्या दिवशी ते विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि त्यांना झारा पाहून काढायला बसवलं. पहिल्या चार भोकांतच मुलं अडली.

शेवटच्या दिवशी दुपारी अध्यक्ष आले. उन्हातून चालत आले होते, छत्री घेऊन. त्यांनी एकोणीस शीटा क्रमाने पाहिल्या आणि कोणतीही वगळली नाही. मग ताईसमोर येऊन म्हणाले की कलादालनाच्या संग्रहासाठी त्यांना एक शीट हवी आहे, हातपंपाची. समितीशी ते बोलले होते. ती कायमची लागेल.

"कुठं?" ताईने विचारलं.

"व्हरांड्यात. दालनातले फलक दर आठवड्याला बदलतात, तिथे कायमचं काही राहत नाही. व्हरांड्यात राहील, तुमच्या नावासकट. कोपराही झाकणार नाही. शब्द देतो."

या वेळी ताई मराठीत बोलली, आमच्या घरच्या. "सर, मंडल्याच्या त्या दोघी जावा आल्या होत्या. त्यायची चित्रं हॉलमध्ये कधी लावून राहिले?"

"तो वेगळा प्रश्न आहे."

"मले तं तोच दिसून राहिला."

"ताई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. सात दिवसांचं प्रदर्शन लोक विसरतात. भिंतीवरचं राहतं."

"राहत असन. पण त्या भिंतीवर नाही."

अध्यक्षांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. ते वाईट माणूस नव्हते, आणि त्या दिवशी ते एकटे आले होते, समितीला मागे ठेवून. ताईने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि मग प्रभारी मॅडमकडे जाऊन पुढच्या वर्षीच्या अर्जाचा नमुना मागितला.

"एकाच कलाकाराला लागोपाठ दोन वर्षं देत नाही आम्ही," अध्यक्ष म्हणाले.

"नका देऊ. अर्ज तं घ्या."

तिने तिथेच उभ्याउभ्या अर्ज भरला. मी तिच्या खांद्यावरून वाचला. प्रदर्शनाचा विषय या रकान्यात तिने लिहिलं: कलादालनाची इमारत, व्हरांड्यासह, सर्व बाजूंनी, आणि मधोमध कापून. त्या अर्जाला पुढे नकार आला. त्यानंतरच्या वर्षी तिने तोच अर्ज पुन्हा केला आणि तेव्हा होकार आला. दोघी जावांना दालन मिळायला मात्र आणखी तीन वर्षं लागली. त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

मॅडमनी अर्जावर शिक्का मारला. ताईने पिशवीतून कापडी टेप काढला आणि त्याचं टोक चौकीदाराच्या हातात दिलं. त्याला दाराशी उभं केलं आणि दालन व व्हरांडा यांच्यामधल्या भिंतीच्या कडेने टेप ताणत ती खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली. अध्यक्षांची खुर्ची त्याच भिंतीला टेकलेली होती.

"सर," ताई म्हणाली, "जरा सरका. मले भिंत मोजायची आहे."